हातचं राखून

वेस्टर्नमध्ये गावात शिरणारा माणूस कोण आहे, हे त्याच्या शिरण्यावरूनच कळतं. मार्शल येतो तो संथ, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून लोक आपल्याकडे बघताहेत हे पुरतं ठाऊक असल्यासारखा. खुनी एकटा येतो, आणि तो आला की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात. गुराखी झुंडीनं येतात आणि आल्या आल्या आभाळाला गोळ्या घालतात. ब्रेट मॅव्हरिक मात्र लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा येतो. काळा कोट, झालरीचा पांढरा सदरा, काळी हॅट जराशी मागे सरकवलेली. आल्यावर त्याच्या तीन चौकश्या ठरलेल्या: हॉटेल कुठलं बरं, पत्ते कुठे चालतात, आणि गावातून बाहेर जाणारी पुढची गाडी किती वाजता. यातली तिसरी चौकशी तो सर्वांत आधी करत असणार, अशी माझी खात्री आहे.

२२ सप्टेंबर १९५७ च्या रविवारी हा गृहस्थ अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर पहिल्यांदा दिसला, तेव्हा तिथल्या टीव्हीवर शूरवीरांची नुसती रेटारेटी चालली होती. १९५८-५९ च्या हंगामात सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या दहा मालिकांपैकी सात वेस्टर्न होत्या. म्हणजे आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी कुणी ना कुणी कमरेला पिस्तूल लटकावून न्यायाची स्थापना करत असे. रॉय हगिन्स या लेखकाला या सगळ्या धीरोदात्तपणाचा वीट आला असावा. त्यानं जेम्स गार्नर नावाचा सहा फुटांवरचा, रुंद खांद्यांचा, कुठल्याही मार्शलच्या भूमिकेत सहज शोभला असता असा नट निवडला आणि त्याला सांगितलं, बाबा रे, तू घाबरट आहेस. लेखक-दिग्दर्शकांसाठी त्यानं एक दहा कलमी सूचनापत्रही काढलं होतं. त्याचा मथितार्थ असा, की हा माणूस जे काही करतो ते पैशासाठी करतो आणि त्याबद्दल त्याला अजिबात लाज वाटत नाही.

आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे तो १९९४ चा मेल गिब्सनवाला सिनेमा. तोही मजेचा आहे. पण त्यात धावपळ फार. मूळचा मॅव्हरिक हा बसणारा माणूस. तो खुर्चीत ज्या तऱ्हेनं बसतो तेवढंच बघत राहावं. कामाच्या नावानं बोंब असलेल्या माणसाला बसण्याची जी एक कला साधते, ती त्याला पुरेपूर साधलेली आहे.

धंदा विचाराल तर जुगारी. पण खरी गंमत अशी की त्या साऱ्या पश्चिमेत जुगार न खेळणारा हा एकटाच. मार्शल दर आठवड्याला भर रस्त्यात उभा राहून जीव पणाला लावतो, तेही महिन्याच्या ठरावीक पगारावर. सोन्याच्या मागे लागलेला खाणवाला अख्खी हयात एका डोंगरावर लावतो. शेतकरी पावसावर लावतो, बायका असल्या नवऱ्यांवर लावतात, आणि गावचे प्रतिष्ठित लोक आपली पुंजी बँकेवर लावतात. ब्रेट मात्र डावाला बसण्याआधी समोरच्या चौघांना तासभर न्याहाळतो. कुणाला चांगला पत्ता आला की तो गप्प होतो, कुणाला वाईट आला की तो जास्त बोलतो, कोण हरलेले पैसे परत मिळवायला खेळतोय, आणि कोण बायको रागावून माहेरी गेली म्हणून. बावन्न पत्त्यांपैकी आपल्या हातात पाच, म्हणजे न दिसणारे सत्तेचाळीस. त्यांतला हवा तो किती वेळा येईल, याचा हिशेब तो बोटांवर नाही, पापण्यांआड करतो. हिशेब जमला तर पैसे टाकतो, नाही तर पत्ते पालथे ठेवून गप्प बसतो. रात्रभरात शंभरदा गप्प बसतो आणि चारदा खेळतो. ह्याला जुगार म्हणायचं तर पोस्टाच्या बचत खात्यालाही म्हणावं लागेल.

शिवाय कोटाच्या अस्तराला आतून टाचणीनं टोचून ठेवलेली हजार डॉलरची एक नोट. ती अडीअडचणीची. आपल्या आज्या लुगड्याच्या कनवटीला दहाची नोट बांधून ठेवत आणि घर बुडालं तरी तिला हात लावत नसत, अगदी तसंच. फरक एवढाच की आजीची नोट कुणाला ठाऊक नसे. ब्रेटच्या नोटेचा पत्ता मात्र तिसऱ्या-चौथ्या भागात खलनायकांनाही लागू लागला.

त्याची खरी उंची बघायची तर १९५८ सालचा 'शेडी डील अॅट सनी एकर्स' हा भाग बघावा. माझ्या मते आळसाचं इतकं देखणं समर्थन पडद्यावर दुसरं झालेलं नाही.

होतं असं, की ब्रेट रात्री डावात पंधरा हजार डॉलर जिंकतो. एवढी रोकड उशाला घेऊन झोपणं बरं नव्हे, म्हणून तो बँकेकडे जातो. बँक बंद झालेली, पण बँकर आत. गावात त्याचा मोठा मान; सद्गृहस्थ, सचोटीचा, गोड बोलणारा. तो पैसे मोजून घेतो, पावती देतो. सकाळी ब्रेट पैसे काढायला जातो, तर बँकर चष्म्यावरून बघत म्हणतो, आपण कोण? आणि पावती तर खोटी. गावातले लोक काय करणार? एका बाजूला बँकर, दुसऱ्या बाजूला परगावचा पत्तेबाज. लोकांनी लगेच निकाल दिला.

अशा वेळी 'गनस्मोक'चा मार्शल काय करता? दुपारी बारा वाजता बँकेसमोर उभा राहता. ब्रेट हॉटेलच्या ओसरीवर जातो, डुलत्या खुर्चीत बसतो, खिशातून चाकू काढतो आणि लाकडाचा एक तुकडा तासायला घेतो. त्याआधी चारचौघांत जाहीर करून टाकतो, की माझे पैसे मी दोन आठवड्यांत परत मिळवीन.

बस्स. पुढचा जवळजवळ सगळा भाग तो त्या खुर्चीतच आहे. गावातले लोक आळीपाळीनं येऊन विचारतात, काय हो, कुठवर आलं? तो म्हणतो, चाललंय काम. लाकडाच्या ढलप्या पायाशी पडत राहतात. चाकू एका लयीत चालतो. गार्नर तो चाकू अशा निष्ठेनं चालवतो, की त्या लाकडातून काहीतरी निघणार असं आपल्यालाही वाटू लागतं. काही निघत नाही. लाकूड लहान होतं, एवढंच. पोरंटोरं येतात, म्हातारे येतात, शेरीफ येतो. सगळ्यांना तेच उत्तर. मग लोक हसू लागतात. बँकर तर खूश. वेडा बसलाय ओसरीवर, बसू दे.

आणि लोक त्या खुर्चीकडे बघत असताना गावात एकेक पाहुणा उतरत असतो. कुणी बड्या शहरातला श्रीमंत भांडवलदार. हा ब्रेटचा सख्खा भाऊ बार्ट. कुणी रुबाबदार बाई. कुणी खाणींचा जाणकार. सगळे एकापेक्षा एक इरसाल, आणि आधीच्या भागांत त्यांतल्या काहींनी ब्रेटलाच गंडवलेलं. एकमेकांना ओळखतच नाहीत असं दाखवून ते खाणीच्या शेअरचं गाजर बँकरच्या नाकासमोर धरतात. बँकरची हाव बँकेच्या तिजोरीपर्यंत जाते. मग जे व्हायचं ते होतं. ब्रेटला पंधरा हजार परत मिळतात आणि सद्गृहस्थ गजाआड जातात. १९७३ मध्ये 'द स्टिंग' हा गाजलेला सिनेमा आला, तेव्हा हगिन्सला आपली गोष्ट ओळखीची वाटली, यात नवल नाही.

यात मला सर्वांत जास्त भावतं ते असं, की ब्रेट गावाला एकदाही खोटं सांगत नाही. काम खरोखरच चाललेलं असतं. आणि त्याची नेमणूकही अगदी योग्य झालेली: साऱ्या मंडळीत एकाच जागी दोन आठवडे बसण्याची तयारी फक्त त्याची.

पिस्तूल तो बाळगतो. त्या काळी पिस्तुलाशिवाय बाहेर पडणं म्हणजे आज मोबाईलशिवाय बाहेर पडण्यासारखं, लोक काळजीनं चौकशी करायचे. पण ते उपसायची वेळ आली की तो प्रामाणिकपणे सांगतो, की मी या कामात फार हळू आहे. वेस्टर्नमध्ये हे असं कुणी कबूल करत नाही. द्वंद्वाचं आव्हान आलं की ब्रेट घोड्याचं खोगीर आवळतो आणि मागच्या गल्लीनं निघतो, नाही तर असा काही शब्द टाकतो की आव्हान देणाराच विचारात पडतो. त्यामागे कसलं तत्त्वज्ञान आहे असं मानू नये. पत्त्यांच्या हिशेबात जो माणूस सत्तेचाळिसात दोन अशा संधीवर पैसे लावत नाही, तो जीव कशाला लावेल?

याच्या उलट उदाहरण हवं तर वाइल्ड बिल हिकॉकचं घ्या. खरा माणूस, खरा नेमबाज, भिंतीला पाठ लावून बसण्याची सवय असलेला. २ ऑगस्ट १८७६ ला डेडवूड गावी त्याला नेमकी दाराकडे पाठ करून बसावं लागलं आणि जॅक मॅकॉलनं मागून गोळी घातली. हातात दोन एक्के नि दोन अठ्ठ्या होत्या अशी आख्यायिका आहे. ब्रेट असता तर जागा बदलून मिळत नाही म्हटल्यावर 'डोकं दुखतंय' म्हणून हॉटेलवर जाऊन झोपला असता.

आता घाबरटाचं काम करणाऱ्या या नटाची हकिगत बघा. गार्नर कोरियाच्या युद्धात लढून आला होता आणि त्याला जखमी सैनिकाचं पर्पल हार्ट हे पदक एकदा नाही, दोनदा मिळालं. त्यातलं दुसरं कसं, तर आपल्याच विमानांनी हल्ला केला तेव्हा त्यानं खंदकात उडी मारली, आणि उडी पुरती आत जाण्याआधी मागचा भाग बाहेर राहिला होता. पदक हाती यायला १९८३ साल उजाडलं. इतकं मॅव्हरिकी शौर्य पदरात असताना त्याला वेगळा अभिनय तो काय करायचा होता?

ब्रेटच्या तोंडी सारखे त्याचे तीर्थरूप. संकट आलं, की आमचे पप्पा म्हणायचे. बाई समोर आली, की आमचे पप्पा म्हणायचे. या पप्पांची शिकवण तीनच गोष्टींभोवती फिरते: कष्ट, शौर्य आणि लग्न. तिन्हींपासून चार हात लांब राहावं. आपल्याकडे वडील मुलाला पत्त्यांपासून वाचवतात. या घरात पत्त्यांनी मुलांना बाकी सगळ्यांपासून वाचवलं. १९५९ मध्ये एका भागात पप्पा स्वतःच अवतरले; तेही गार्नरनंच रंगवले. आणि मुलांना काय कळलं, तर हे संन्यस्त तीर्थरूप एका अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न करायला निघालेत. घरोघरी उपदेशाचं असंच होतं.

या खानदानात शौर्याला किती थारा होता ते ब्यू मॅव्हरिकच्या गोष्टीवरून कळतं. ब्यू हा चुलतभाऊ. यादवी युद्धात तो दक्षिणेकडून लढत होता, म्हणजे पकडला गेला होता, आणि शत्रूच्या एका जनरलबरोबर पोकर खेळत बसला होता. डाव हरल्यावर वैतागून जनरल म्हणाला, हरलो बाबा, शरण आलो. नेमके त्याच क्षणी दक्षिणेचे सैनिक तंबूत शिरले. ब्यूनं एकट्यानं जनरल पकडला असा गवगवा झाला, पदक मिळालं, आणि पप्पांनी कुळाला काळिमा लावल्याबद्दल त्याला थेट इंग्लंडला हाकलून दिलं. हे पात्र रंगवलं रॉजर मूरनं, तोच पुढे जेम्स बाँड झालेला.

बार्टचा जन्म मात्र कौटुंबिक नाही, हिशेबाचा आहे. एक भाग चित्रित व्हायला आठ दिवस लागत, आणि आठवड्याला दिवस सात. म्हणजे एकाच नायकाच्या भरवशावर राहिलं तर दर आठवड्याला एक दिवस उधार. म्हणून काही भागांनंतर जॅक केलीचा बार्ट आणला, दोन तुकड्या समांतर कामाला लागल्या. लिहिणाऱ्यांनी लिहायचं ब्रेट डोळ्यांसमोर ठेवून, आणि मग वाट्याला येईल तो भाऊ. केलीचं नाव गार्नरइतकं झालं नाही. मला तो फार आवडतो. ब्रेट फसला की मजा वाटते, बार्ट फसला की वाईट वाटतं. धाकट्यांचं नशीबच असं असतं.

पत्त्यांचा एक खेळ मात्र ब्रेटनं खरोखरच लोकांच्या हाती दिला. 'रोप ऑफ कार्ड्स' या भागात तो ज्यूरीत सापडतो आणि तिथे पैज लावतो: कॅटमधून कुठलेही पंचवीस पत्ते काढा, मी त्यांचे पाच-पाचांचे पाच असे हात लावून दाखवतो की प्रत्येक हात सिक्वेन्स किंवा त्याहून वरचा असेल. ऐकणाऱ्याला हे अशक्य वाटतं. पाच पत्ते उचलून एक सिक्वेन्स यायची मारामार, तिथे पाच हात! करून बघा. शंभरातून अठ्ठ्याण्णव वेळा जमतं. कारण तसं सोपं आहे. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या चार रंगांत पंचवीस पत्ते कसेही वाटले, तरी एकाच रंगाचे पाच-पाच असे किमान दोन हात निघतातच. कागदावर मांडून पाहिलं तर पटेल. बहुतेकदा तीनही निघतात. उरलेल्यांत जोड्या, तिय्ये, सिक्वेन्स जुळवत बसायचं, अडलं तर एक रंग मोडून दुसरीकडे लावायचा. अवघड वाटणारी गोष्ट सोपी असते आणि ती तशी आहे हे फक्त आपल्याला ठाऊक असतं. ब्रेटचं सगळं उत्पन्न या एका फटीतून येतं. तो भाग दाखवल्यावर दुसऱ्या दिवशी अमेरिकेत पत्त्यांचे कॅट दुकानांतून संपले असं सांगतात. पैज लावणारे किती आणि हरणारे किती, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आणि हाच माणूस एका बाईसमोर हरतो. सामंथा क्रॉफर्ड नाव. दक्षिणी अदब, गोड लाघवी बोलणं, आणि हातात नियमांचं पुस्तक. नदीतल्या बोटीवर डाव रंगतो. बाई म्हणते, आपण सगळं हॉईलप्रमाणे खेळायचं हं. ब्रेटनं मान डोलावली, तिथेच तो फसला. त्याच्या हातात सुरेख सिक्वेन्स येतो, तो पैसे ओढायला जातो, आणि बाई पुस्तकातलं कलम दाखवते: सिक्वेन्सला मान नाही. त्या काळी सिक्वेन्स धरायचा की नाही यावर खेळणाऱ्यांत एकमत नव्हतं, ही गोष्ट खरी आहे. पण खरा विनोद याच्याही पलीकडचा. एडमंड हॉईल हा लंडनचा गृहस्थ. त्यानं १७४२ मध्ये व्हिस्टवर पुस्तक लिहिलं आणि १७६९ मध्ये तो वारला. पोकर अमेरिकेत रुजलं एकोणिसाव्या शतकात. म्हणजे ज्यानं पोकर जन्मात पाहिलं नाही त्याच्या नावावर पोकरचे तंटे शंभर वर्षं सुटत होते. धर्मशास्त्राचंही काही ठिकाणी असंच चालतं, पण तो विषय नको.

खरे पत्तेबाज होते कसे? ब्रेटइतके साजरे नव्हते. पश्चिमेत मुख्य खेळ पोकर नव्हताच, फेरो होता. त्यात पत्ते एका पेटीतून काढायचे, आणि पेटी कशी बनवली आहे यावर नशीब अवलंबून. जॉर्ज डेव्हॉल नावाच्या एका महाभागानं १८८७ मध्ये मिसिसिपी नदीवरच्या आपल्या चाळीस वर्षांच्या जुगारीचं आत्मचरित्र लिहिलं. त्यात त्यानं खुणेचे पत्ते, ठरवून आणलेले कॅट, हे सगळं हसत हसत कबूल केलं आहे. भांडण झालं की हा पिस्तूल न काढता समोरच्याच्या कपाळावर आपलं कपाळ आपटत असे. त्याची कवटी जाड होती आणि तिचा त्याला सार्थ अभिमान होता. त्याचा जोडीदार कॅनडा बिल जोन्स. याची खासियत म्हणजे तीन पत्ते जमिनीवर फिरवून 'राणी ओळखा' म्हणणं. आपल्या जत्रांमध्ये आणि एसटी स्टँडांबाहेर चालतो तोच खेळ. तो गावंढळाचं सोंग घ्यायचा, ढगळ कपडे, बावळट प्रश्न, जणू शेत विकून आत्ताच शहरात आलाय. बोटीवरच्या हुशार मंडळींना वाटायचं, याला लुबाडावं. त्यानं एका रेल्वे कंपनीला आपल्याला गाडीत निर्धास्त खेळू देण्याबद्दल दरसाल मोठी रक्कम देऊ केली होती, आणि वर धर्मोपदेशकांखेरीज कुणाला लुबाडणार नाही असं वचनही, अशी आख्यायिका आहे. कंपनीनं नकार दिला. सौदा वाईट नव्हता.

पण या कॅनडा बिलला एक रोग होता. तीन पत्त्यांवर मिळवलेलं सगळं तो फेरोच्या टेबलावर घालवायचा. एका गावी जोडीदारानं कानात सांगितलं, अरे, हा खेळ खोटा आहे, पेटीत गोम आहे. बिल म्हणाला म्हणे, ठाऊक आहे रे, पण गावात दुसरा खेळच नाही. याला म्हणायचा जुगारी! ब्रेट याच्या शेजारी उभा केला तर सरकारी कारकून वाटेल.

असा अस्सल जुगारी मराठी नाट्यरसिकांना जुना ओळखीचा आहे. शूद्रकाच्या आणि देवलांनी मराठीत आणलेल्या 'मृच्छकटिका'त तो संवाहक दहा सुवर्णमुद्रा हरून पळत सुटतो, माग चुकवण्यासाठी उलट्या पावलांनी मूर्ती नसलेल्या देवळात शिरतो आणि स्वतःच मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे शहाणे. ते तिथेच बसून फासे टाकू लागतात. फाशांचा आवाज कानावर पडतो आणि देवाचा धीर सुटतो. पळून देवळात लपण्यापर्यंतचं सगळं ब्रेटही करता. मूर्ती म्हणूनही तो फार शोभून दिसता. पण फासे वाजले म्हणून तो चौथऱ्यावरून उतरला नसता. भाविक येईपर्यंत थांबून दक्षिणा घेऊन गेला असता.

मॅव्हरिकचा शेवटचा मोठा डाव पडद्यावर नाही, कोर्टात झाला. १९६० मध्ये हॉलिवूडच्या लेखकांनी संप केला. वॉर्नर ब्रदर्सनं गार्नरला सांगितलं, संप आहे, कथा नाहीत, काम नाही, तेव्हा पगारही नाही. गार्नर नेमका त्याच दिवसांत कोट उतरवून कोर्टात गेला. तिथे असं उघडकीला आलं, की संपाच्या काळात स्टुडिओला कथांची ददात नव्हती, 'डब्ल्यू. एर्मानोस' नावाचा एक अफाट लेखक एकामागून एक संहिता पाडत होता. एर्मानोस हा स्पॅनिशमधला 'ब्रदर्स'. आणि डब्ल्यू कुणाचा ते सांगायला नको. स्टुडिओचे पत्ते उघडे पडले. गार्नर खटला जिंकला आणि मालिका सोडून चालता झाला. मग इंग्लंडचा ब्यू आला. तोही गेल्यावर १९६१ मध्ये स्टुडिओनं रॉबर्ट कॉल्बर्ट या नटाला गार्नरसारखा दिसतो म्हणून तसेच कपडे घातले आणि नाव ठेवलं 'ब्रेंट'. एक अनुस्वार वाढवला की नवा नायक. प्रेक्षकांनी दोन भागांत त्याला घरी पाठवलं.

१९९४ च्या सिनेमात गिब्सनच्या ब्रेटला पंचवीस हजार डॉलरच्या प्रवेश फीत तीन हजार कमी पडताहेत. पाच लाखांच्या बक्षिसाचा डाव आहे, आणि अख्खा सिनेमा तो तेवढे तीन हजार गोळा करतोय. एका टेबलावर त्याला कुणी बसू देईना, तेव्हा तो सांगतो, मी पहिला तासभर नक्की हरेन. लोक बसवतात. तो शब्दाचा पक्का, तासभर हरतो. त्या तासात तो चौघांचे डोळे, मान, बोटं पाठ करून घेतो, आणि घड्याळाचा काटा सरकल्यावर पैसे गोळा करतो. पुढे एक रशियन ग्रँड ड्यूक खऱ्याखुऱ्या रानटी पश्चिमेचा अनुभव विकत घ्यायला आलेला असतो. ब्रेट त्याचा अनुभव त्याला चोख किमतीत देतो, स्वतःच पिसं लावून.

या सिनेमात गार्नर आहे मार्शलच्या वेषात. पोरानं सरळ मार्गानं जिंकलेले पाच लाख शेवटी हा मार्शल घेऊन पसार होतो, आणि तो मार्शल कसला, पप्पाच. मग बाप-लेक एका न्हाणीघरात शेजारी शेजारी गरम पाण्याच्या टबांत बसून सिगार ओढत गप्पा मारत असताना जोडी फॉस्टरची ॲनाबेल आत येते, पिस्तूल रोखते आणि पैशांची थैली उचलून निघून जाते. पप्पा हळहळतात. ब्रेट मात्र टबातून हलतही नाही. बुटात हात घालतो आणि अर्धी रक्कम बाहेर काढतो. उरलेली तिला मुद्दामच नेऊ दिली, म्हणतो. परत मिळवायला मजा येईल.